झांजवाल्या

रायपुरात तेलीबांध्याच्या ऑफिसातून सुटल्यावर तलावाच्या बाजूनं रस्ता ओलांडताना सुनीतीच्या डाव्या कोपराला एका ई-रिक्षाचा आरसा घासून गेला. लागलं काही नाही. ओढणी आरशात अडकली, तिनं ती सोडवली. रिक्षावाला खाली उतरून म्हणाला, "दीदी, कब से हॉर्न दे रहा हूँ. सुनाई नहीं देता क्या?" तो चिडलेला नव्हता, घाबरलेला होता. "हॉर्न दिया ही नहीं आपने," सुनीती म्हणाली. तेव्हा त्यानं पुरावा म्हणून हॉर्न पुन्हा दाबला. त्याचा अंगठा दाबला गेलेला तिला दिसला. भुट्टे भाजणाऱ्या बाईनं मान वर केली, तीही दिसली. मधला आवाज मात्र कुठंच नव्हता. बाकी सगळं होतं: बसचं घुरघुरणं होतं, कारंज्याचं पाणी पडत होतं, रिक्षावाल्याचं बोलणं होतं. फक्त त्या चित्रातून एक पातळ, उंच रेघ कुणीतरी पुसून काढली होती. "ठीक है भैया, जाओ," ती म्हणाली आणि फुटपाथवर चढून उभी राहिली. मग एकेक गोष्ट आपोआप रांगेत येऊन उभी राहू लागली. विम्याच्या ऑफिसात फोनवरच्या बायकांना ती हल्ली वारंवार "फिर से बोलिए" म्हणायची आणि नेटवर्कला नावं ठेवायची. कुकरची शिट्टी होऊन गेली तरी ती भाजी चिरत राहायची आणि नवरा, पराग, येऊन गॅस बंद करायचा. सकाळी खिडकीशी चिमण्या येत नाहीत म्हणून तिनं नव्या मोबाइल टॉवरला दोष दिला होता. आणि गंधाली, तिची आठवीतली पोरगी, जेवताना ताटात बघत म्हणाली होती, "छोड़ो ना मम्मी, आप सुनते ही नहीं हो." ते सुनीतीनं वयावर घातलं होतं. तेरा वर्षांच्या मुली असंच बोलतात.

पंडरीत कापडाच्या दुकानांच्या वरच्या मजल्यावर कानाचा दवाखाना होता. तिथं एका लहानशा खोलीत तिला बसवलं, कानांवर जड हेडफोन चढवले आणि हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. खोलीच्या भिंतींना करडा स्पंज होता आणि दार लागल्यावर तिला आधी स्वतःचा श्वासच ऐकू आला. मग एक जाड आवाज, मग त्याहून बारीक, मग आणखी बारीक. ती शहाण्या मुलीसारखी बटण दाबत गेली. मग काहीच येईना. काचेपलीकडे बसलेली मुलगी खाली मान घालून काहीतरी फिरवत होती, म्हणजे आवाज येत असणार. सुनीतीला परीक्षेत न आलेल्या प्रश्नासारखी लाज वाटली आणि तिनं अंदाजानं एकदा बटण दाबलं. मुलीनं मान वर करून बघितलं आणि ती हसली. त्या हसण्यावरून कळलं की तेव्हा आवाज नव्हता. नंतर डॉक्टरनं कागद समोर ठेवला. डॉक्टर तिच्याहून तरुण होती. कागदावरची रेष बराच वेळ सपाट चालून मग घाट उतरल्यासारखी खाली गेली होती, दोन्ही कानांची, डाव्याची जास्त. "चालीस की उम्र में ऐसा नहीं होना चाहिए," डॉक्टर म्हणाली. "फैक्ट्री में काम किया है? भनपुरी साइड?" भनपुरीत पराग ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात होता, ती नव्हे. सुनीती म्हणाली, "नहीं. बैंड में थी. स्कूल के." डॉक्टरला आधी ते कळलं नाही. लग्नाच्या बँडमधली बाई असेल असं वाटून तिनं सुनीतीच्या पर्सकडे, चपलांकडे बघितलं. "झांज बजाती थी," सुनीतीनं सांगितलं आणि हात आपोआप छातीसमोर आले, तळव्यांत काही नसताना.

तिची शाळा तात्यापाऱ्यात होती. मोठं नाव होतं शाळेला, पण सगळे कन्या शाळाच म्हणत. मराठी मंडळींनी काढलेली, शिकवणं हिंदीत, मधल्या सुटीत भांडणं मराठीत. शाळेचा बँड होता आणि तो जिल्ह्याच्या परेडमध्ये दरवर्षी चालायचा, नागपूरला, बिलासपूरला बक्षिसं मिळवायचा. पण ती नववीत असताना नवं राज्य झालं, आणि रायपूर, जिथं वाण्याच्या दुकानातून घरी येईतो निम्मे लोक ओळखीचे भेटायचे, ते एकाएकी राजधानी होऊन बसलं. रस्त्यांवर पांढरे पट्टे मारले गेले. लाल दिव्याच्या गाड्या फिरू लागल्या. शाळेत निरोप आला की नुसतं चालून भागणार नाही, काहीतरी आकार करून दाखवा. तेव्हापासून तो शो बँड झाला. मैदानावर चुना टाकून नव्या राज्याचा नकाशा आखला, खूप उभा, मान वाकवलेल्या कुठल्याशा प्राण्यासारखा, आणि वाजवत वाजवत मुलींनी फिरून त्या रेषेवर जाऊन उभं राहायचं. ढोलवाल्या मधोमध, राजधानी म्हणून. झांजांना अगदी खालचं टोक दिलं, बस्तरच्याही खाली, कोंट्याला. सुनीती कोंट्याला उभी राहायची. तिथून पुढे काही नव्हतं, फक्त मैदानाची भिंत होती आणि झांजांचा आवाज त्या भिंतीवर आपटून तिच्याच कानात परत यायचा. सुरुवातीला डोकं दुखायचं. मग दुखायचं थांबलं. घरी गेल्यावर संध्याकाळभर कानात बारीक शीळ वाजत राहायची आणि तिला ती आवडायची. बँड अजून चालू आहे असं वाटायचं, अंथरुणात पडल्यावरही. कॉलेजातही ती माजी विद्यार्थिनी म्हणून झांजा वाजवत राहिली, लग्न ठरेपर्यंत. हे सगळं तिनं डॉक्टरला सांगितलं नाही. "काफी साल," एवढंच म्हणाली.

"हो सकता है उसी से हो," डॉक्टर म्हणाली. "पक्का कोई नहीं बता सकता. खानदानी भी हो सकता है. फैमिली में किसी को है? मम्मी को?" सुनीती लगेच नाही म्हणणार होती. तोंड उघडलंही होतं. मग त्या उघड्या तोंडानं ती तशीच बसून राहिली, कारण वडिलांचा आवाज आला. स्वच्छ आला, ताटावर चमचा आपटल्याच्या आवाजासकट. "विमला! ए विमला! बहिरी झाली काय वं?" श्यामराव रेल्वेत पार्सल ऑफिसात होते आणि घरी आल्यावर दारातूनच बोलायला सुरुवात करायचे. स्वयंपाकघरातून उत्तर यायचं नाही. ते म्हणायचे, तुझी आई रुसली. ते म्हणायचे, बाईले गुरमी आहे, ऐकून न ऐकल्यावाणी करते. आजी म्हणायची, माहेरचे संस्कार. घरात हे सगळ्यांनी मान्य केलं होतं, जसं एखाद्या खोलीत ओल येते हे मान्य करतात. सुनीतीनंही केलं होतं. सहावीत असताना तिला निबंधाचं बक्षीस मिळालं होतं आणि ती धावत घरी येऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी राहून म्हणाली होती, "आई, माझा पहिला नंबर आला." आई पाठमोरी पोळ्या लाटत होती. पोळी लाटून झाली, तव्यावर गेली, दुसरा गोळा हातात आला. सुनीती आणखी थोडा वेळ उभी राहिली आणि मग दप्तर ठेवायला गेली. त्या दिवशी तिनं काही ठरवलं असं नाही. पण नंतर ती आईला गोष्टी सांगेनाशी झाली, हे खरं. पहिल्यांदा पाळी आली तेव्हा शेजारच्या वहिनींना सांगितलं. पराग आवडतो हे वडिलांना आधी कळलं. आई म्हणजे जिला आपल्यात फारसा रस नाही अशी एक बाई, कष्टाळू, स्वच्छ, डोळ्यांकडे रोखून बघणारी. ते रोखून बघणं तिला कठोर वाटायचं. आता पंडरीच्या त्या दवाखान्यात बसल्या बसल्या तिला कळलं की आई डोळ्यांकडे बघत नसायचीच. जरा खाली बघायची. ओठांकडे.

ती थेट तात्यापाऱ्यात गेली. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. आई तिथंच, दोन खोल्यांत एकटी राहायची. दार नुसतं लोटलेलं होतं. आई खिडकीशी बसून मेथी निवडत होती, पाठ दाराकडे. सुनीतीनं हाक मारली नाही. पुढे जाऊन, समोर बसून तिनं कागद मेथीच्या बाजूला ठेवला आणि सावकाश म्हणाली, "आई, तुले ऐकू येत नाही ना?"

विमलानं कागदाकडे बघितलं नाही. देठ तोडून बाजूला टाकला. "डाव्यानं बिलकुल नाही," ती म्हणाली. "उजव्यानं येते थोडं. माणूस जाड आवाजाचा असला तर येते. तुझ्या बाबाचा यायचा."

"यायचा?"

"यायचा ना. कधी यायचा, कधी नाही. आला तरी दर वेळी उठाचं असं थोडीच आहे." आणि ती हसली. सुनीतीला हसू आलं नाही.

"कधीपासून?"

"तू पोटात होती तवापासून समजलं. त्याच्या आधीही असंल."

"मंग सांगितलं काहून नाही? कोणालेच?"

"कोणाले सांगू? तुझ्या आजीनं म्हटलं असतं, बहिरी पोरगी गळ्यात मारली. चार दिवसात पोहोचवून देलं असतं मले बालाघाटले. गुरमी आहे म्हणतात तर म्हणू दे, गुरमीवाल्या बाईले कोणी माहेरी नाही धाडत." हे ती भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होती. मग तिनं कागद उचलला, लांब धरला, रेष बघितली. "हे माझं नाही," ती म्हणाली. "तुझं आहे काय?" सुनीतीनं मान डोलावली. विमलानं कागद परत ठेवला आणि हात पदराला पुसले, बराच वेळ पुसले.

विमलाही झांजवालीच होती. हे सुनीतीला माहीत होतं, पण जसं आईचं लग्नाआधीचं नाव माहीत असतं तसं. बालाघाटची विमला शिकायला म्हणून मामाकडे रायपूरला राहिली आणि कन्या शाळेत गेली, त्याच वर्षी मंदाकिनीबाई म्हणून नव्या मुख्याध्यापिका आल्या होत्या. कुठल्याशा जुन्या जमीनदारीचा बँड मोडला होता आणि त्याची वाद्यं एका गोदामात पडून होती. बाईंनी ती शाळेत आणवली. एक मोठा ढोल, काही लहान, बिगुलं, पोचे पडलेलं एक पितळी वाद्य ज्याचं नाव कुणालाच सांगता येईना, आणि झांजांची एक जोडी. पोलिस बँडमधून निवृत्त झालेले हिरालाल मास्तर शिकवायला आले. पालकांची सभा झाली. मुलींनी बिगुल फुंकायचं नाही, असं पालकांनी ठरवलं. गाल फुगतात, बरं दिसत नाही. म्हणून बिगुलं कपाटात गेली आणि कित्येक वर्षं कन्या शाळेचा बँड म्हणजे ढोल, झांजा आणि बासऱ्या. मास्तर मुलींचे हात बघायचे. विमलाचं मनगट रुंद होतं. "आम्ही पहिल्यांदा निघालो तं सदर बाजारातून निघालो," विमला म्हणाली. "वरून बाया पाहून राहिल्या होत्या. सायकलवाले उतरले. एक बैलगाडी होती, तिले मांगं नेलं. आमच्यासाठी रस्ता खाली केला, सुनीती. मी अगदी मधातून चालली. त्याच्यानंतर माझ्यासाठी कोणी रस्ता खाली नाही केला."

सुनीतीनं कागदाची घडी घातली. तिला जे विचारायचं होतं ते तिनं दवाखान्याच्या जिन्यातच ठरवलं होतं आणि आता ते विचारणं जड जात होतं. तिची बँडमध्ये निवड झाली तेव्हा हिरालाल मास्तर फार म्हातारे झाले होते, खुर्चीत बसून शिकवायचे. त्यांनी तिचं मनगट धरून विचारलं होतं, "विमला की लड़की?" आणि झांजा तिच्या हातात दिल्या होत्या. आईला शाळेत येऊन हो म्हणावं लागलं होतं. आई आली होती, निळी साडी नेसून, आणि हो म्हणाली होती.

"तुले मालूम होतं?" सुनीतीनं विचारलं. "झांजेनं कान गेला म्हणून?"

"मालूम नाही. वाटत होतं."

"वाटत होतं तं मंग मले काहून देल्या?"

विमलानं मेथीच्या जुडीच्या सुतळीची गाठ सोडवायला घेतली. "नाही म्हटलं असतं तं काहून नाही, हे सांगा लागलं असतं," ती म्हणाली. "कानाचं सांगा लागलं असतं. आजी जिवंत होती तवा." गाठ सुटली. सुतळी तिनं बोटाभोवती गुंडाळली. "आन् खरं सांगू? मले पाहाचं होतं तुले. झांजा घेऊन." एवढं बोलून ती चहा ठेवायला उठली. सुनीतीला राग यायला हवा होता. तिनं रागासाठी जागा करून वाट बघितली. पण सहावीतल्या त्या दुपारची पोळी पुन्हा पुन्हा तव्यावर जात राहिली, आणि पहिल्यांदाच त्या पाठमोऱ्या बाईला काहीच ऐकू येत नव्हतं, बस, एवढंच होतं ते. इतकी वर्षं जे सोसलं ते झालंच नव्हतं. हे चांगलं की वाईट, ते तिला कळेना. चहा झाल्यावर आई समोर बसली तेव्हा ती म्हणाली, "सहावीत माझा निबंधात पहिला नंबर आला होता." विमला तिच्या ओठांकडे बघत होती. "काहून सांगितलं नाही तवा?" ती म्हणाली.

राहिली गंधाली. गंधाली त्याच शाळेत होती. शाळा आता इंग्रजी माध्यमाची झाली होती, आणि मधल्या काळात बँड जवळजवळ बंद पडला होता, सोहळ्यांना मोठे स्पीकरच लागायचे, आणि तीन वर्षांपूर्वी तो पुन्हा सुरू झाला होता. गौतम सर म्हणून तरुण शिक्षक आले, त्यांनी नवे गणवेश शिवून घेतले, ट्रम्पेटं आणली. आता मुली गाल फुगवून फुंकत आणि पालक त्याचे व्हिडिओ काढत. राज्याला पंचवीस वर्षं होत होती. त्याच सुमारास बँडचीही पन्नाशी उलटली होती. दोन्ही मिळून नोव्हेंबरात शाळेची मिरवणूक निघायची होती, आणि गौतम सरांना कुठून तरी कळलं की आजी, आई आणि मुलगी तिघीही झांजवाल्या. त्यांनी ठरवून टाकलं की पुढे या तिघी चालणार. विमलाला निरोप गेला तेव्हाच तिनं साडी काढून ठेवली होती आणि अख्ख्या मोहल्ल्यात सांगितलं होतं.

पराग म्हणाला, "मी दिवसभर ट्रकांच्या हॉर्नमध्ये बसतो, आधी माझे कान तपास." पण गंधालीला घेऊन तोच दवाखान्यात गेला. गंधालीची रेष सपाट निघाली, कागदाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. डॉक्टर म्हणाली, रोजचा सराव कमी करा, कानात प्लग घाला, वर्षातून एकदा तपासा. खानदानी असेल तर प्लगनं काही होणार नाही, झांजेमुळे असेल तर होईल. दोन्हीपैकी काय, हे तेव्हाच कळेल जेव्हा कळून उपयोग नसेल. हे शेवटचं डॉक्टर म्हणाली नाही; ते सुनीतीच्या मनात आलं. ती शाळेत गेली आणि गौतम सरांना स्वतःचा कागद दाखवला. ते भले माणूस होते. बराच वेळ कागद बघत राहिले. "मैडम, प्लग डालेंगे तो बच्चियाँ ताल कैसे पकड़ेंगी?" त्यांनी विचारलं, वाद घालण्यासाठी नव्हे, खरंच माहीत नव्हतं म्हणून. तिलाही माहीत नव्हतं. "पैर देखके," ती म्हणाली. "अगली लड़की का पैर देखके." पुढच्या आठवड्यात त्यांनी सगळ्या मुलींना प्लग वाटले. वाटताना कारण सांगावं लागलं. मुलींनी घरी सांगितलं. संध्याकाळपर्यंत पालकांच्या ग्रुपवर पोचलं की बँडमधली एक जुनी मुलगी बहिरी झाली, रात्रीपर्यंत दोन झाल्या, आणि कुणीतरी असंही लिहिलं की शाळेनं हे पन्नास वर्षं दाबून ठेवलं. ढोलवाल्या आधी गेल्या, मग ट्रम्पेटातल्या काही. निम्म्या उरल्या. मुख्याध्यापिकेनं सुनीतीला फोन केला, जपून बोलली, आणि म्हणाली की तिघींनी पुढे चालायचं ते या वर्षी राहू देऊ. लोक उगाच बोट दाखवतील.

ते सांगायला सुनीतीला आईकडे जावं लागलं. समोर बसून, सावकाश. विमलानं सगळं ऐकून घेतलं, म्हणजे वाचून घेतलं. "म्हणजे मले नाही चालाचं," ती म्हणाली. सुनीती म्हणाली, "हो." विमला उठली, खाटेवरची साडी उचलून कपाटात ठेवली आणि कपाट लावलं. "तुले सांगाची काय गरज होती लोकाले?" ती म्हणाली. "पन्नास वर्षं चालला ना बँड. कोणी मेलं काय?" सुनीतीला याचं उत्तर होतं, चांगलं, मुद्देसूद. तिनं ते दिलंही. पण आई कपाटाकडे तोंड करून उभी होती, आणि या वेळी तिनं मुद्दाम तोंड फिरवलंय हे दोघींनाही ठाऊक होतं.

मिरवणूक सकाळी निघाली, शाळेपासून बूढा तालाबपर्यंत. गंधाली चालली. सोडायचं का, हे घरात कुणी तिला स्पष्ट विचारलं नाही आणि तिनंही विषय काढला नाही. सकाळी उठून बूट पॉलिश केले, प्लग खिशात टाकले आणि गेली. सुनीती आईला घेऊन तालाबाच्या कोपऱ्यावर उभी राहिली. विमला येणार नाही असं वाटलं होतं, पण ती रिक्षात आधीच बसून होती, रोजच्याच साडीत. बँड आला. मुली थोड्या होत्या आणि त्यामुळे रस्ता फार रुंद दिसत होता. चौकात थांबून त्यांनी पंचवीसचा आकडा केला. दोन जमला, पाचाचं पोट अर्धंच भरलं, शेवटची मुलगी हात लांब करून उभी राहिली तरी उघडं राहिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना आकडा वरून दिसत नव्हताच. गंधाली झांजा छातीसमोर धरून होती. पुढच्या मुलीच्या बुटांवर तिची नजर अशी खिळली होती की कपाळावर आठी पडली होती. झांजा एकमेकींवर यायच्या आणि सुनीतीला मधला जाड ठोका तेवढा यायचा, त्यानंतरची पसरत जाणारी झळाळी नाही. ती असते, हे तिला आठवत होतं. ती तिनं आठवणीतून भरून घेतली. बाजूला आई टाचा उंचावून उभी होती. गर्दीतला एक माणूस मोबाइल वर धरून पुढे घुसला तेव्हा विमलानं त्याला खांद्याला धरून बाजूला केलं आणि म्हणाली, "हट ना रे भाऊ, नात आहे माझी."

घरी आल्यावर गंधाली हॉलमध्ये खाली बसून बूट काढू लागली. चेहरा उन्हानं लाल झाला होता. मैत्रिणी गेल्या म्हणून ती आठवडाभर आईशी धड बोलली नव्हती. आजही रिक्षात आजीच्या बाजूला बसली होती. तिनं कानातले प्लग काढून हातात धरले, पिवळे, दाबले गेलेले. मग मोजा ओढता ओढता, वर न बघता म्हणाली, "एक बात बताओ. आपको अगर तब पता होता कि कान खराब होगा. आप छोड़ देतीं?"

सुनीती दाराशी उभी होती, विमलासाठी आणलेला पाण्याचा ग्लास हातात. कोंट्याची भिंत तिला दिसली, चुन्याची रेष संपते तिथली, आणि त्या भिंतीवरून परत येऊन डोक्यातून आरपार जाणारा तो आवाज, आणि पंधरा वर्षांची ती, घामानं चिकटलेल्या गणवेशात, जिला त्या क्षणी कुणी काही म्हणजे काहीही सांगितलं असतं तरी ऐकू गेलं नसतं. हो म्हणणं सोपं होतं. हो म्हणणंच बरोबर होतं. पोरीच्या कानांचा प्रश्न होता. तिनं हो म्हणायला म्हणून श्वास घेतला आणि तो तसाच धरून ठेवला.

गंधालीनं थोडी वाट बघितली. मग तिच्या चेहऱ्यावरचा त्रासिक भाव गेला आणि तिथं काहीतरी दुसरंच आलं, मोठ्या माणसाचं. मोजा हातात घेऊन ती उठली, चालत आईच्या अगदी समोर येऊन उभी राहिली, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत, प्रत्येक शब्द सुटा करून, मोठ्यानं तिनं पुन्हा विचारलं, "मम्मी. आप. छोड़ देतीं क्या?"

"नाही," सुनीती म्हणाली. "पहिल्यांदा विचारलं तवाच ऐकू आलं होतं मले."